कुदळ कोणाची आणि नाव कोणाचे?

वर्ष सरत आले की शहरातली मोठी पत्रे एक यादी छापतात. यंदा जमिनीखालून काय काय निघाले, कोणत्या देशात कोणते थडगे उघडले, कोणत्या टेकाडाखाली कोणते नगर सापडले, याची ती यादी असते. तिच्यात विद्यापीठांची नावे असतात, प्रोफेसरांची नावे असतात, आणि छायाचित्रात खड्ड्याच्या काठावर उभे असलेले एखादे चष्मेवाले गृहस्थ असतात. त्यांच्या मागे डोक्यावर घमेले घेतलेली एखादी बाई अर्धीमुर्धी दिसते. तिचे नाव चित्राखाली नसते. आमचे शेतकरी व कारागीर बंधू ती यादी पाहतात, शिकलेल्यांचा उद्योग म्हणून मान हलवतात आणि पान उलटतात. आमचे म्हणणे इतकेच की, बाबांनो, हे पान एवढ्या घाईने उलटू नका. त्यात तुमचा वाटा आहे आणि तो तुम्ही मागितलेला नाही.

आपण एकच वर्ष घेऊन पाहू. सन १९७४. हे वर्ष आम्ही मुद्दाम निवडले आहे. त्याच्या आधीचा काळ महाराष्ट्राने कसा काढला हे आज सत्तरीच्या घरात असलेल्या माणसास सांगावे लागत नाही. १९७२-७३ चा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, दावणी रिकाम्या, आणि गावेच्या गावे दुष्काळी कामांवर खडी फोडावयास आणि तलावांची माती उपसावयास गेलेली. महाराष्ट्राची भूमी त्या दोन वर्षांत जितकी खणली गेली तितकी क्वचितच कधी खणली गेली असेल. त्या खणण्यात किती जुनी खापरे, किती मणी, किती कोरीव दगड वर आले आणि खडीबरोबर रस्त्याखाली गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पोटात आग असलेल्या माणसास तो हिशेब मागणेही बरोबर नाही.

दुष्काळ सरला आणि १९७४ उजाडले. त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून ठिकाण आहे. तेथे छबू लक्ष्मण भिल्ल नावाचा एक गडी झुडपाचे बूड खणीत होता. कुदळीला धातू लागला. माती बाजूस सारता सारता चार वस्तू वर आल्या. एक गेंडा, एक हत्ती, एक रेडा, आणि चौथी वस्तू तर अशी की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. दोन बैल जुंपलेला रथ, त्यावर उभा राहून हाकणारा माणूस, आणि बैलांच्या मागे दांडीवर उभे असलेले एक कुत्रे! सगळे काशाचे, भरीव ओतलेले. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. एकटा रथच पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. पुढे पंडितांनी ठरवले की हे काम चार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचे असावे, म्हणजे ज्या काळी सिंधूच्या खोऱ्यातली नगरे ओसाड पडत होती त्या काळचे. आज ह्या वस्तू काचेच्या कपाटात आहेत आणि देशोदेशीचे लोक त्या पाहावयास येतात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. साठ किलो काशाचा भंगारात काय भाव येतो हे आपल्यातल्या तांबट-कासारांस विचारा. ज्या माणसाने आदल्या दोन वर्षांचा दुष्काळ पाहिलेला होता, त्याच्या पुढ्यात ते साठ किलो पडले होते. भट्टी दूर नव्हती. गाळून टाकले असते तर चार दिवस चूल पेटली असती, आणि कोणास काही कळलेही नसते. ते झाले नाही. त्या वस्तू शाबूत राहिल्या म्हणून महाराष्ट्रास आज सांगता येते की आमच्या प्रवरेच्या काठी चार हजार वर्षांमागे बैल जुंपणारा होता, काशाचा रस ओतणारा होता, आणि गाडीवर कुत्रे बसवून निघणारा होता. अजून आमच्या बैलगाडीखाली कुत्रे चालते. ज्याने तो रथ घडवला त्याने हे रोज पाहिले असले पाहिजे.

त्याच १९७४ सालच्या मार्चात चीन देशात शीआन शहराजवळ लिंतुंग भागातले काही शेतकरी विहीर खणीत होते. कारण तेच, पाण्याची टंचाई. त्यांच्यात यांग झिफा नावाचा एक शेतकरी होता. काही हात खाली गेल्यावर त्यांस पाणी लागले नाही, मातीचे माणूस लागले. पुढे कळले की ते एकटे नाही. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग इसवी सनापूर्वी २१० मध्ये मेला, त्याच्या थडग्याच्या राखणीस पुरलेली मातीच्या शिपायांची ती सेना होती. आठ हजारांच्या घरात शिपाई असावेत असा अंदाज आहे, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. आमच्या कुंभारबंधूंनी हे लक्षात घ्यावे. सम्राटाने देश जिंकला असेल. पण त्यास दोन हजार वर्षे जगाच्या लक्षात ठेवले ते कुंभारांनी, आणि पुन्हा वर आणले ते विहीर खणणाऱ्यांनी.

तर एका सालात, दोन देशांत, दोन शेतकरी. एक बूड खणणारा, दुसरा विहीर खणणारा. विद्वानांनी त्या वर्षी काही केले नाही असे मात्र कोणी समजू नये. त्याच १९७४ च्या नोव्हेंबरात इथिओपियात जोहान्सन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञास बत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्व स्त्रीचा सांगाडा सापडला. तिचे नाव त्यांनी लूसी ठेवले आणि ते जगभर झाले. बत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या बाईला नाव मिळते याचा आम्हांस आनंदच आहे. घमेलेवाल्या बाईलाही मिळावे एवढेच.

आता विद्वानांच्या बाजूचे जे खरे ते आम्ही सांगितलेच पाहिजे, नाहीतर हा लेख एकाच चाकावर चालल्यासारखा होईल. दायमाबादच्या त्या चार वस्तूंच्या काळाविषयी पंडितांत वर्षानुवर्षे वाद चालला आहे. कोणी त्या सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या म्हणतात, कोणास तसे वाटत नाही. वादाचे मूळ हे की वस्तू रीतसर उत्खननात मिळाल्या नाहीत. जमीन ही वहीसारखी असते. तिच्यात थरावर थर असतात, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, कोणत्या राखेशेजारी होती, यावरून तिचे वय ठरते. वस्तू उपसून बाहेर ठेवली की वहीचे ते पान फाटले. पुढे साळी यांनी १९७५-७६ पासून १९७८-७९ पर्यंत तेथे खणून पाच निरनिराळ्या काळांची वस्ती एकावर एक असल्याचे दाखवले. जव, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणे ओळखले गेले. हे काम कुदळीचे नव्हे. ते सुरीचे, ब्रशाचे आणि टाचणाचे काम आहे, आणि त्यास विद्या लागते. म्हणून सापडवणारा आणि वाचणारा असे दोघे लागतात. आमची तक्रार वाचणाऱ्याविरुद्ध नाही. वाचणाऱ्याच्या जागी आमचा मुलगा आणि आमची मुलगी इतके कमी का दिसतात, ही आमची तक्रार आहे.

हे सर्व दूरचे झाले असे कोणी म्हणेल. प्रवरा लांब, चीन त्याहून लांब. तर आता घराजवळ येऊ.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेस राहतो. आमच्या बाजूस कारखाने, चाळी आणि कामगारांची वस्ती. स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेस गेले आणि थोडे चालले की वालधुनी नदीच्या काठी ते काळ्या दगडाचे शिवमंदिर उभे आहे. महाशिवरात्रीस तेथे मुंगीस वाट मिळत नाही. गाभारा खोल आहे, वीस-एक पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते, आणि बाहेरच्या भिंतीवर तळहाताएवढी जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले. जत्रेत येणाऱ्या कोणत्याही म्हातारीस विचारा, ती हेच सांगेल.

ह्या एका रात्रीच्या गोष्टीचा आम्हांस फार राग येतो. पाथरवटाने आयुष्य घातले, त्याच्या पोराने आयुष्य घातले, छिन्नी बोथट झाली ती लोहाराने शेकडो वेळा पाजवली, खाणीतून दगड ओढता ओढता बैल मेले, आणि नाव कोणाचे? पांडवांचे! आणि तेही एका रात्रीत! म्हणजे कारागिरास श्रेय नाही ते नाहीच, वर त्याच्या मजुरीचे दिवसही कापून घेतले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आणखी कसा असतो? आणि ही गोष्ट कोणा भटजीने एकट्याने रचली असे म्हणून आम्हांस सुटता येणार नाही. ती आमच्या आज्यांनी सांगितली, आमच्या बापांनी ऐकली. आपल्या आजोबांच्या हातचे काम आपणच देवादिकांच्या खात्यावर लिहून दिले.

खरे काय ते त्या देवळावरच लिहिलेले होते. तेथे एक शिलालेख आहे. तो शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. शिलाहार राजा छित्तराज व त्याचा भाऊ मुम्मुणि, ज्यास लेखात मामवाणि म्हटले आहे, यांच्या काळचे हे काम. लेख आठशे वर्षे लोकांच्या डोक्यावर होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला, पण त्यांनी साल वाचले शके ७८२. म्हणजे एका आकड्याच्या चुकीने देऊळ दोनशे वर्षे मागे गेले. मोठे विद्वानही चुकतात, आणि त्यात त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. ती चूक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी दुरुस्त केली.

हे भगवानलाल कोण, ते आमच्या वाचकांस कळले पाहिजे. जुनागढचे, जन्म १८३९ चा. इंग्रजी शाळेतली विद्या त्यांस मिळाली नव्हती. गिरनारच्या खडकावरची अक्षरे कोणास वाचता येत नाहीत म्हणून पोरवयात ती स्वतः लावावयास बसले, आणि पुढे साऱ्या हिंदुस्थानचे जुने लेख वाचण्यात त्यांची बरोबरी करणारे थोडे उरले. हॉलंडमधील लायडनच्या विद्यापीठाने त्यांस सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. ते जन्माने ब्राह्मण. हे आम्ही लपवीत नाही आणि त्यांच्या विद्येस मुजरा करावयास कचरतही नाही. पदवी नसलेल्या माणसास दगड वाचता येतो, हे त्यांनी दाखवले. जे त्यांस साधले ते सुताराच्या किंवा कुणब्याच्या मुलास का साधू नये?

ह्याच भगवानलालांनी सन १८८२ मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्याच्या सोपाऱ्यात जे केले ते आता ऐका. (सोपारे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ते ठाण्यातच होते.) सोपाऱ्यास एक मातीचे टेकाड होते. गावचे लोक त्यास म्हणत बुरूड राजाचा कोट. शिकलेल्यास हे हसण्याजोगे वाटावे. बुरूड म्हणजे सुपे-टोपल्या विणणारा, आणि तो कसला राजा! पण टेकाड खणले तेव्हा आत भाजक्या विटांचा मोठा स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागी एक दगडी करंडा. करंड्यात बुद्धाच्या आठ लहान मूर्ती, आणि त्यांच्यामध्ये तांब्याची डबी. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या डबीत दगडाची, दगडाच्या डबीत स्फटिकाची, आणि स्फटिकाच्या डबीत सोन्याची. सोन्याच्या डबीत काय असावे? हिरा? माणिक? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेने ठेवलेले. सोबत सोन्याची बारीक फुले आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

सोनार, तांबट, पाथरवट, वीट भाजणारा, सर्वांची विद्या एकात एक घालून ठेवलेली, आणि सर्वांच्या आत मान कुंभाराच्या खापराला. आम्ही ही हकीकत कित्येकदा वाचली आहे आणि दर वेळी ह्या जागी थबकलो आहोत.

आणि त्या बुरूड राजाचे काय? सोपाऱ्याचे जुने नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे आपल्या घरात धान्य पाखडावयाचे सूप. सूप विणतो बुरूड. तेव्हा गावकऱ्यांनी टेकाडास बुरूड राजाचे नाव दिले ते उगाच असेल असे आम्हांस वाटत नाही. नगराचे संस्कृत नाव पंडित विसरले होते तेव्हाही त्याची काहीतरी सावली कुणबी-आगऱ्यांच्या तोंडी उरली असावी. हा आमचा तर्क आहे, वाचकांनी तो तर्क म्हणूनच घ्यावा. पण अंबरनाथच्या लोकांनी देऊळ पांडवांस देऊन टाकले आणि सोपाऱ्याच्या लोकांनी स्तूप एका बुरुडाच्या नावे राखला, यातला फरक आमच्या वाचकांनी विसरू नये.

त्याच साली सोपाऱ्यातच भगवानलालांस आणखी एक वस्तू मिळाली. भातेला तळ्याजवळ एका लेखाचा फुटका तुकडा. तो सम्राट अशोकाचा आठवा शिलालेख ठरला. त्यात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीस आणि मौजेस फिरत; आपण तसे फिरणे सोडले आणि धर्मासाठी फिरू लागलो. श्रमणांस व ब्राह्मणांस भेटणे, वृद्धांस भेटणे व त्यांस द्रव्य देणे, आणि खेड्यापाड्यांतल्या रयतेस भेटून तिच्याशी बोलणे. बावीसशे वर्षांपूर्वीचा बादशहा रयतेस भेटावयास जातो हे दगडावर कोरून ठेवतो, आणि ते संस्कृतात नाही, लोकांच्या प्राकृतात. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्यात राजाने म्हटले आहे की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासास निघताना लोक नाना प्रकारचे विधी करतात, त्यांचे फळ थोडे. चाकरांशी आणि दासांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांस मान देणे, हाच खरा विधी. हे वाचून आम्ही चाट पडलो. आमच्या बहुजन समाजाच्या पुढाऱ्यांनी जे कंठशोष करून सांगितले ते आमच्याच जिल्ह्याच्या मातीत दोन हजार वर्षे पालथे पडले होते, आणि ते वाचावयास आमच्यापैकी कोणास अक्षर येत नव्हते.

आता ह्या १८८२ सालचीच तिसरी गोष्ट. ती जमिनीतून निघालेली नाही, पण ह्या हिशेबात तिचे नाव घातल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या १९ तारखेस जोतीराव फुले यांनी हंटरसाहेबाच्या शिक्षण कमिशनपुढे आपले निवेदन दिले. सरकारी तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हे त्यांनी स्पष्ट मांडले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, आणि खेड्यांतल्या शाळांत मोडी व बालबोध वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे मागितले. ज्या साली सोपाऱ्याचे टेकाड उघडले त्याच साली हे मागणे झाले. सक्तीचे शिक्षण मिळावयास पुढे किती दशके लागली ते आपण जाणतो. त्या दशकांत किती दगड आमच्या हातांतून न वाचता गेले?

कारागिरांचे नाव पूर्वी कोरलेच जात नसे, असेही नाही. अंबरनाथहून कर्जतची गाडी पकडा. कर्जतच्या बाजूस कोंडाण्याची लेणी आहेत. तेथे लिहिले आहे की हे काम कान्ह याच्या शिष्याने, बलकाने केले. राजाचे नाव नाही, करणाऱ्याचे आहे. कान्हेरीस जा. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने तेथे पाण्याचे टाके दिले, असा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत बुरुडांची श्रेणी आणि कासारांची श्रेणी यांच्याकडे पैसा ठेव म्हणून ठेवल्याचे कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यात तर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात तीन हजार कार्षापण विणकरांकडे ठेवतो. दोन हजार एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा एक व्याजाने. हजार दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण व्याजाने. राजघराण्याने ठेव ठेवावी असा कोष्ट्याचा आणि बुरुडाचा पत होता! पुढे ही पत कशी गेली, सावकार घरात कसा शिरला आणि बुरूड गावकुसाबाहेर कसा गेला, तो दुसऱ्या लेखाचा विषय. आज एवढेच सांगावयाचे की ही कागदपत्रे कोणा विरोधकाच्या घरी नाहीत. आमच्या डोंगरांत उघड्यावर आहेत.

आणि शेतातही आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही बदलापूरच्या पलीकडे एका नात्यातल्या घरी गेलो होतो. तेथे नव्या रस्त्यासाठी जमीन खणली जात होती. बांधाच्या कडेला दोन हात उंचीचा एक दगड आडवा पडलेला. वर चंद्र, सूर्य, मध्ये झिजलेली अक्षरे, आणि खाली गाढवाचे ओंगळ चित्र. आम्ही ओळखले, ही गधेगाळ. जुन्या काळी राजा जमिनीचे दान देई तेव्हा असा दगड उभा करीत, आणि जो हे दान मोडील त्याच्या घराची विटंबना होवो अशी शिवी चित्राने व अक्षराने त्यावर घालीत. म्हणजे तो सातबाराच! फक्त दगडाचा. अलिबागजवळच्या अक्षीची अशीच एक गधेगाळ मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत गणली जाते.

आम्ही घरधन्यास म्हणालो, मामा, हा दगड सांभाळा, उद्या आपण तहसिलीत कळवू. मामा म्हणाले, "अरे, तो अपशकुनी आहे. आमच्या आजाने त्यावर कधी सावली पडू दिली नाही. शिवाय सरकारला कळवले तर जमिनीवर ताबा यायचा." दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा दगड नव्हता. कंत्राटदाराच्या माणसांनी तो घणाने फोडला आणि भरावात घातला. मामांनी अडवले नाही. उलट पीडा गेली म्हणून त्यांस बरे वाटले. आम्ही त्यांस दोष देत नाही. जो दगड कधी कोणी वाचून दाखवला नाही तो अपशकुनीच वाटणार. आठशे-हजार वर्षांपूर्वी त्या बांधावर कोणती जमीन कोणास दिली, तेव्हा त्या गावास काय म्हणत, कूळ कोण होते, हे आता त्या गावास कधीच कळणार नाही. मुंबई-वडोदरा महामार्ग ह्याच मुलखातून जातो आहे, इमारती तर रोज उठत आहेत, आणि जेसीबीस गधेगाळ आणि धोंडा यांत फरक कळत नाही.

मामांच्या भीतीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ती घरोघरी आहे. जमिनीत पुरलेल्या मोलाच्या वस्तूंसंबंधी १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे तो सांगतो. कळवण्यात तीन गोष्टी द्यावयाच्या: काय व किती सापडले, कोठे सापडले, कोणत्या दिवशी सापडले. चौकशीत वस्तू शंभर वर्षांहून आधी पुरलेली आणि बेवारस ठरली, आणि आपसांत दुसरा करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. नीट वाचा: मजुरास तीन, मालकास एक! सरकारास ती वस्तू हवी असेल तर मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घ्यावी लागते. उलट जो लपवील त्याचा हिस्सा जातो आणि वर कैद किंवा दंड. म्हणजे कळवण्यात वाटा आहे आणि लपवण्यात तुरुंग. हे दीडशे वर्षे कायद्यात आहे, आणि विहीर खणणाऱ्या वडारास व नांगर धरणाऱ्या कुणब्यास ते कोणी कधी सांगितले नाही. गुप्तधनासाठी कोंबडे कापावयास सांगणारे मांत्रिक मात्र गावोगाव पोचले.

तेव्हा कुदळीस काही निराळे लागले की तेथेच हात थांबवा. वस्तू उपसू नका, घासू नका, शेंदूर फासू नका. भोवतीची माती, राख, खापरे जशीच्या तशी राहू द्या. वय त्यावरून ठरते. मोबाईलवर चित्र काढा, आणि चित्रात शेजारी एखादी काठी किंवा पहार ठेवा, म्हणजे मोठेपणा कळेल. मग अर्ज लिहा. तो साध्या मराठीत लिहिला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या; तिलाही कळेल की आपल्या बांधात काय होते. आणि अर्जाच्या खाली सापडवणाऱ्याचे पूर्ण नाव घाला, बापाच्या नावासकट, मजूर असला तरी, बाई असली तरी. दायमाबादच्या रथाबरोबर छबू लक्ष्मण भिल्ल हे नाव आज छापले जाते ते तेव्हा कोणीतरी कागदावर घातले म्हणून.